हयातीचा दाखला

कार्निव्हालच्या आधीच्या आठवड्यात
चोडणची म्हातारी माणसं
जिवंत असल्याचं सांगायला
माझ्या टेबलापाशी येतात.
पिएदाद फुर्तादो येते,
कानातलं यंत्र हातरुमालात बांधून.
बुधो कुडणेकार येतो,
अंगठा आधीच जिभेवर ओला करून;
शाई सरकारची, तर थुंकी तरी आपली.
मी विचारतो: नाव? वय? खातं तेच?
हयात आहात का, हे विचारावं लागत नाही,
माणूस समोर खोकत असतो.
तरी रकाना आहे, म्हणून खूण करतो.

यंदा रांगेत सुकांती होती.
तिच्या हातात अर्ज नव्हता.
प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्यासोबतचं जोडखातं
आणि पोदेराकडच्या कागदात गुंडाळलेल्या
पाचशेच्या सोळा नोटा.
"शाणू चवथीला गेला," म्हणाली,
"त्याचे पैसे मात्र येतच राहिले. चार महिने.
आमचे न्हय ते. घ्या."

अठरा वर्षं मी या खुर्चीत आहे.
मागायचा अर्ज पिवळा,
वाढवून मागायचा गुलाबी,
बंद का पडलं हे विचारायचं तर साधा कागद चालतो.
परत करायचा?
कपाट उघडलं. उगाच. मिटलं.
"बाय, हे पैसे घ्यायला आमच्याकडे जागा नाही."
"एवढी थोरली पंचायत," ती म्हणाली,
"नि सोळा नोटांना जागा नाही?"

मग ती फेरीने रायबंदरला, तिथून बसने पणजीला.
पहिल्या खेपेला साहेब जेवायला.
दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटर बंद.
तिसऱ्या खेपेला म्हणाले, मृत्यूचा दाखला आणा.
तो माझ्याच ट्रेमध्ये होता,
सहीविना, सप्टेंबरपासून,
खाली, पंच्याच्या लग्नाच्या आमंत्रणाखाली.
हे मी तिला सांगितलं नाही.
सही केली. शिक्का जरा जोरात मारला.
"फेरी पायी माणसाला फुकट, म्हणून बरं,"
ती म्हणाली, "परत करणं परवडतं."

चौथ्या खेपेआधी मी विचारलंच:
आठ हजार. कौलं गळतात तुमची, मी पाहिलीत.
कुणाला कळणार होतं?

ती बाकावर टेकली.
"शाणू मानशीवर होता, ठाऊक हाय मां?
भरतीला दार लावायचं, ओहोटीला सोडायचं.
ताप असो, मध्यरात्र असो.
एकदा डोळा लागला त्याचा.
खारं पाणी आत.
आमचं शेत नव्हतंच तिथं,
कुणाकुणाचं होतं.
तीन वर्षं भात उभं राहिलं नाही.
त्याला कोण काही बोललं नाही रे.
पण त्यानंतर तो कधी..."
वाक्य तिथंच टाकून
तिने पिशवीला गाठ मारली, एक, मग आणखी एक.

चलन शेवटी मिळालं.
'भरण्याचे कारण' या रकान्यात
ती सांगेल तसं मी लिहिलं:
माणूस नाही.
तिने सोळा नोटा पुन्हा मोजल्या,
माझ्यासमोर, मोठ्याने, आणि गेली.

संध्याकाळी कुलूप लावताना आठवलं:
आमच्या फ्रीजवरच्या फायलीत
बायकोच्या नावचा गृह आधारचा कागद आहे,
त्याला टाचलेला उत्पन्नाचा दाखला,
त्यावर माझा पगार,
मुळात होता त्याहून सडपातळ.
सही माझ्यासारख्याच कुणाची तरी,
घाईतली, ओळखीतली.

बांधावरून गेलो.
भरती चढत होती, तिवरांची मुळं बुडत होती.
मानशीवर आता नवा पोर असतो,
मोबाईलवर वेळ बघतो.
दार लागल्याचा आवाज येईपर्यंत
मी उगाच उभा राहिलो.
ओल्या लाकडावर ओलं लाकूड.

घरी काय बोलायचं
ते अजून जुळत नव्हतं.
खिशात एक कोरं चलन होतं,
तिच्यासाठी आणलेल्या दोनांतलं,
उरलेलं.